गाडीचा कोड वाचणारे यंत्र : घेण्यापूर्वी काय पाहावे?

कापडाच्या धंद्यात गाडीशिवाय भागत नाही. भिवंडीतून गाठी उचलायच्या, मालेगावचा माल आणायचा, गिऱ्हाइकाकडे वेळेवर पोहोचवायचा. टेम्पो दोन दिवस गॅरेजमध्ये उभा राहिला की भाड्याची गाडी करावी लागते आणि नफ्याला कात्री लागते. पूर्वी मिस्त्री इंजिनाला कान लावून दोष सांगत असे. आता डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, मिस्त्री स्कॅनर जोडतो, त्यावर एक कोड उमटतो आणि त्या कोडच्या नावावर बिल हाती पडते. हा स्कॅनर स्वतः घ्यावा का, घ्यावा तर कोणता, असे व्यापारी बंधू आम्हांला वारंवार विचारतात. छोटे गॅरेज चालविणाऱ्या तरुणांचाही हाच प्रश्न असतो. म्हणून चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

प्रथम आपली गाडी कोणत्या सालची आहे ते पाहावे. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक मोटारीत एकाच प्रकारचे सोळा पिनांचे सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड सक्तीचे झाले. यालाच ओबीडी २ म्हणतात. आपल्याकडे ही गोष्ट बीएस ४ च्या नियमांबरोबर आली. २०१० साली पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा. पण बीएस ४ सुरुवातीला फक्त तेरा शहरांना लागू होते. त्यात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही तीन. सगळ्या देशात ते १ एप्रिल २०१७ ला पोहोचले. त्यामुळे इतर जिल्ह्यांत घेतलेल्या त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्या बीएस ३ च्या आहेत. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट दिसले, तरी अशी गाडी साध्या यंत्राला उत्तर देईलच असे नाही. दुकानदाराने ‘सगळ्या गाड्यांना चालते’ म्हटले, तर आपली गाडी त्याच्या दारात उभी करून लावून दाखवायला सांगावे. कापड आपण हातात घेतल्याशिवाय घेत नाही, मग यंत्र का घ्यावे?

आता कोडविषयी. पहिले अक्षर पी असेल तर दोष इंजिन किंवा गिअरबॉक्सकडचा, सी म्हणजे ब्रेक आणि चेसिस, बी म्हणजे एअरबॅगसारखे बॉडीचे भाग, यू म्हणजे गाडीतील संगणकांचे आपसातले बोलणे तुटलेले. पी नंतर शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर त्या त्या कंपनीचा स्वतःचा. येथपर्यंत सोपे आहे. गैरसमज यापुढे होतो. कोड म्हणजे गाठीवरचा मार्का. त्यावरून माल कोणत्या घरचा ते कळते, आतल्या थानाला भोक कुठे आहे ते कळत नाही.

पी ०१७१ हा नेहमी आढळणारा कोड घ्या. त्याचा अर्थ इतकाच की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात आहे. पुष्कळ ठिकाणी हा कोड दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. सेन्सर महाग असतो, आणि तो तर बिचारा खरी बातमी देत असतो! कारण वेगळेच असू शकते : फाटलेला व्हॅक्यूम पाइप, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ किंवा टाकीतला कमजोर फ्युएल पंप. यांतले नेमके कोणते, हे चालू इंजिनाच्या आकड्यांवरून शोधता येते. ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा असतो. संगणक ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवून किंवा घटवून देत आहे ते तो सांगतो. शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्के वर-खाली असला तर ठीक. गाडी उभ्याउभ्या चालू असताना तो वीस-पंचवीसवर गेला आणि रेस दिल्यावर खाली आला, तर कुठून तरी फालतू हवा आत शिरत आहे. उलट जोर पडताच तो वाढत गेला, तर पेट्रोल कमी पोहोचत आहे, मग पंप आणि फिल्टर पाहावा. दहा रुपयांच्या पाइपाचे काम आणि हजारोंचा सेन्सर यांतला फरक या एका आकड्यात आहे. जे यंत्र फक्त कोड दाखवते आणि पुसते, चालू आकडे दाखवत नाही, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक-दोन गाड्या बाळगणाऱ्याला मोबाइलला जोडायचा छोटा ॲडॉप्टर पुरतो. तो काही शे रुपयांत मिळतो. त्यावर ‘ईएलएम ३२७’ असे लिहिलेले असते. हे नाव कॅनडातील एका कंपनीच्या चिपचे. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात या नावाने येणारा बहुतेक माल नक्कल आहे. काही नकला चांगले काम देतात, काही मध्येच गप्प होतात. म्हणून परत करण्याची सोय असेल तेथूनच घ्यावा. आयफोन असेल तर जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ ॲडॉप्टर चालत नाही, वाय-फायचा किंवा ब्लूटूथ एलईचा मागावा. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते. मोटारीसाठीचा ॲडॉप्टर त्याला लावू नये.

गॅरेजवाल्याचे यावर भागणार नाही. त्याला एबीएस, एअरबॅग आणि गिअरबॉक्सचे संगणक वाचणारा, शिवाय गाडीला हुकूम देऊ शकणारा स्कॅनर लागतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांचेच पाहा. त्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारा डीपीएफ फिल्टर असतो. गल्लीबोळात थोडे थोडे चालणाऱ्या पिकअपचा हा फिल्टर पुरता तापत नाही आणि तुंबतो. तो जाळून साफ करण्याचा हुकूम चांगल्या स्कॅनरवरून देता येतो. ज्याच्याकडे ही सोय नाही, त्याचे गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपकडे जाते. अशा यंत्राची किंमत हजारोंत, कधी लाखाच्या वर. घेताना आपल्या भागात जास्त फिरणाऱ्या मारुती, टाटा, महिंद्राच्या कोणत्या मॉडेलवर कोणते काम होते ते करून पाहावे, आणि पहिल्या वर्षानंतर अपडेटचे किती पैसे पडतील ते लेखी घ्यावे. परदेशी गाड्यांची लांबलचक यादी आपल्या काय कामाची?

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. काही विक्रेते गिऱ्हाईक येण्यापूर्वी कोड पुसून टाकतात. दिवा विझतो, गाडी निरोगी दिसते. पण कोड पुसला की संगणकाने केलेल्या स्वतःच्या तपासण्याही पुसल्या जातात. यंत्रावर ‘रेडिनेस’ उघडावे. तेथे बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकताच पुसला आहे किंवा बॅटरी काढली होती. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हाही आकडा पुष्कळ गाड्या देतात. तो तीन-चार निघाला, तर भावाची बोलणी थांबवून आठ दिवसांनी पुन्हा गाडी पाहावी. आपल्या गाडीचा कोडही पुसण्यापूर्वी लिहून ठेवावा. सोबत ‘फ्रीझ फ्रेम’ टिपावी. दोष नोंदला गेला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापले होते, हे तिच्यात असते आणि पुसल्यावर तेही जाते.

दिवा नुसता लागला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर करीत आहे, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळते. तेव्हा गाडी बाजूला घ्यावी. आणि ॲडॉप्टर काम झाल्यावर काढून ठेवावा. तो गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज ओढत राहतो, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी बसते.