भ्रूणाचं चित्र आणि आपली नजर



आजचा विषय जरा अवघड आहे. पंधराएक वर्षांपूर्वी आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, कुठेही फिरलात तरी एक चित्र हमखास दिसायचं. एसटी स्टँडच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, गणपतीच्या देखाव्यात. आईच्या पोटात पूर्ण वाढलेलं गोंडस बाळ, त्याच्यावर रोखलेली सुरी आणि खाली रक्ताचे थेंब.

ते काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. २०११ मध्ये ८५२ उरल्या. राज्याचा आकडा याच काळात ९१३ वरून ८९४ वर आला. म्हणजे आपण राज्याच्याही मागे होतो. काळजी खरी होती. माझा प्रश्न वेगळा आहे. ते चित्र पाहिल्यावर माणसाच्या मनात नेमकं काय होतं, आणि त्याची नजर शेवटी कुणावर जाऊन थांबते?

एक प्रसंग सांगतो. गणेशोत्सवात मी अशाच एका देखाव्यासमोर उभा होतो. लाल दिवे, रेकॉर्ड केलेलं बाळाचं रडणं. शेजारच्या एक बाई तोंडाला पदर लावून गर्दीतून निघून गेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, ‘बायाच बायांच्या वैरी.’ त्यांचे यजमान माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडून नंतर कळलं की त्याच वर्षी पाचव्या महिन्यात त्यांचा गर्भ आपोआप पडला होता. त्यांनी काहीच केलेलं नव्हतं, आणि घाव त्यांनाच बसला. ज्यांच्यासाठी तो देखावा होता, ते प्रसाद घेऊन निवांत घरी गेले असतील.

असं का होतं? आपल्या परंपरेत याचं चांगलं उत्तर आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव शोक आहे, आणि बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. माझ्या मते या दोहोंत मोठा फरक आहे. शोक आपल्याला दुसऱ्याच्या जवळ नेतो; किळस दूर ढकलते. चित्रकाराला करुण हवा होता, हाती लागला बीभत्स. आणि किळस आली की माणूस दोष द्यायला कुणीतरी शोधतो. त्या चित्रात सोनोग्राफीचं मशीन नाही, पैसे घेऊन लिंग सांगणारा डॉक्टर नाही, ‘वंशाला दिवा पाहिजे’ म्हणणारं घर नाही, हुंडा नाही. आहे ते फक्त बाईचं पोट. मग दोष कुणाला जाणार?

गंमत पाहा, कायदा या चित्रापेक्षा शहाणा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा. त्याच्या २४ व्या कलमात असं गृहीत धरलंय की गर्भवतीने ही तपासणी नवऱ्याच्या किंवा नातेवाइकांच्या दबावाखाली केली; तसं नव्हतं हे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. कायदा बाईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढतो, आणि भिंतीवरचं चित्र तिला पुन्हा आत उभं करतं.

दुसरा घोटाळा याहून गंभीर आहे. आपल्याकडे गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा आणि त्यावरून निवड करण्याचा. गर्भपात मात्र ठरावीक अटींवर १९७१ पासून कायदेशीर आहे; २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली. सुरी आणि रक्ताच्या चित्राला हा फरक दाखवताच येत नाही. त्याला सगळेच गर्भपात खून वाटतात.

ही चित्रभाषा पाश्चात्त्य देशांत आधीपासून रुळलेली आहे. १९६५ मध्ये ‘लाइफ’ मासिकात लेनार्ट निल्सन यांची भ्रूणाची छायाचित्रं गाजली. त्यांतली बहुतेक गर्भाशयाबाहेर आलेल्या भ्रूणांची होती, पण पाहताना वाटतं ते बाळ आईशिवाय एकटंच अवकाशात तरंगतंय. पुढे १९८४ चा ‘द सायलेंट स्क्रीम’ हा चित्रपट आला. गर्भपातच नको म्हणणाऱ्यांची ती मोहीम होती. आपली लढाई मुलींच्या बाजूची, पण चित्र त्याच घराण्यातलं. परिणाम असा झाला की कायदेशीर गर्भपाताची गरज असलेल्या बाईलाही संशयाने पाहिलं जाऊ लागलं. गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं अनेक औषध दुकानदारांनी बंद केलं, त्यात कारवाईची भीतीही होती. दार बंद झालं की गरज संपत नाही. ती बाई भोंदू डॉक्टरकडे जाते.

कुणी म्हणेल, सर, धक्का दिल्याशिवाय समाज जागा होत नाही. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत भीतिदायक इशारा असतोच की! बरोबर. पण तिथे पाहणारा आणि ओढणारा माणूस एकच, आणि सोडणं त्याच्या हातात. इथे पाहते सून, आणि निर्णय बहुतेकदा दुसऱ्यांचा. १९५३ मध्ये जॅनिस आणि फेशबाख यांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेबद्दल कमी-जास्त भीती घालून व्याख्यानं दिली. सर्वांत भीतिदायक व्याख्यान ऐकलेल्यांनी सल्ला सर्वांत कमी पाळला. पुढच्या संशोधकांनी त्यात भर घातली: भीतीबरोबर सुटकेची वाट दिसली, तरच भीती कामाला येते.

म्हैसाळचं उदाहरण घ्या. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात पुरलेले १९ भ्रूण सापडले. सगळा महाराष्ट्र हादरला. १९ हा आकडा आजही लोकांना आठवतो. पण तो तपास सुरू झाला एका विवाहितेच्या मृत्यूमुळे, गर्भपात करताना झालेल्या. ती किती जणांना आठवते? भ्रूणाकडे पाहता पाहता मेलेली बाई आपल्याला दिसेनाशी झाली.

मग करायचं काय? वास्तव लपवा असं मी म्हणत नाही. पूर्ण दाखवा. मशीन दाखवा, पैसे मोजणारे हात दाखवा. ‘भ्रूणहत्या’ऐवजी ‘गर्भलिंगनिवड’ म्हणा. शब्द रुक्ष आहे, पण बोट योग्य ठिकाणी ठेवतो. आपल्याच नगरच्या डॉ. सुधा कांकरिया यांनी ‘स्त्री जन्माचे स्वागत करा’ म्हणत लग्नात आठवा फेरा सुरू केला. तिथे नवरा-बायको दोघं मिळून शब्द देतात, आणि तोही सासू-सासऱ्यांच्या देखत. तिथे किळस नाही, जबाबदारी आहे.

यापुढे असं चित्र दिसलं की स्वतःला एवढंच विचारा: यात कोण दाखवलंय, आणि कोणाला वगळलंय? वगळलेल्यांची यादी करून पाहा, खरा गुन्हेगार बहुतेक तिथेच सापडेल.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.