पत्रिका छापायच्या आधी



तुळशीचं लग्न आटोपलं, धान घरात आला, की आपल्या मौदा तालुक्यात सोयरिकीच्या गोष्टी सुरू होतात. साखरपुडा झाला की लगेच विषय निघतो पत्रिकेचा. ती कशी निवडायची, किती छापायच्या, तिच्यात काय लिहायचं आणि लग्नाचे आणखी कोणते कागद सांभाळायचे, हे आज आपण बोलू.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीचं लग्न होतं. ताईचा नवरा वारून आठ वर्षं झाली. दुसऱ्यांच्या बांधीत रोवणे करून, गटाचं कर्ज घेऊन तिनं मुलीला शिकवलं. पत्रिकेचा नमुना घरी आला तेव्हा निमंत्रक म्हणून मोठ्या भासऱ्यांचं नाव होतं. खाली काका, मामा, आत्याचे यजमान अशी पंधरा नावं. आईचं नाव कुठंच नव्हतं. नवरीनंच विचारलं, "माझ्या आईचं नाव कुठं आहे?"

भासरे मनानं वाईट नव्हते. "अशीच रीत आहे," एवढंच ते म्हणाले. आम्ही तिघी जणी त्यांच्याकडे जाऊन बसलो. मुलीला वाढवलं कोणी, हे त्यांनाही ठाऊक होतं. पत्रिका अजून छापली नव्हती, म्हणून बदल करता आला. पहिल्या ओळीत आईचं नाव आलं, त्याखाली मोठेबाबांचं. कोणीही रुसलं नाही.

म्हणून आम्ही आधी मजकुराबद्दल सांगतो. नवरीचं आणि नवरदेवाचं पूर्ण नाव लिहा, आधार कार्डावर आहे तसंच. दोघांच्या आईचंही नाव लिहा. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, असा क्रम ठरला आहे. सरकारी कागदावर आई येते, तर लग्नाच्या कागदावर का नको? आई विधवा असेल तरी तिचं नाव मागं टाकू नका. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानंही राज्यातल्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपण सुरुवात पत्रिकेपासून करू शकतो.

आता किती छापायच्या ते पाहू. आपण माणसं मोजतो आणि पाचशे पत्रिका छापतो. पत्रिका घरटी एक लागते. वहीत गावांप्रमाणे यादी करा: अरोली, कोदामेंढी, खात, तारसा, चाचेर. प्रत्येक गावाखाली घरं लिहा. दूरच्या आणि नोकरीवरच्या नातेवाइकांना मोबाइलवर फोटो पाठवून फोन केला तरी चालतो. वडीलधाऱ्यांच्या घरी मात्र अक्षता घेऊन स्वतः जा. यादीच्या बेरजेत वीस-पंचवीस जास्तीच्या धरा. मागून पन्नास छापायला गेलात तर महाग पडतं, कारण मजकूर जुळवण्याचा आणि मशीन लावण्याचा खर्च पन्नासला तेवढाच आणि तीनशेला तेवढाच.

किंमत कशानं वाढते? कागदाच्या जाडीनं, सोनेरी छपाईनं, आतल्या जास्तीच्या पानांनी आणि भारी पाकिटानं. बहुतेक पत्रिकांवर नक्षी आधीच छापून आलेली असते, छापखानेवाला फक्त मजकूर छापतो. समजा, साधी पत्रिका ८ रुपयांना आहे आणि चमकीची २५ ला. तीनशे पत्रिकांचे एकीकडे २,४०० रुपये, दुसरीकडे ७,५००. वरचे ५,१०० रुपये कर्जातून जात असतील तर त्यावर व्याजही आपणच भरणार. नागपूरला इतवारी-गांधीबागेत कापड घ्यायला जाणारच असाल तर तिथले भाव विचारा, मौद्यातलेही विचारा. जाण्यायेण्याचं भाडं धरून हिशेब करा.

देवाचा, बुद्धाचा किंवा बाबासाहेबांचा फोटो छापताना थोडा विचार करा. लग्न झाल्यावर तीच पत्रिका रस्त्यावर पायदळी येते, नाहीतर टाकवत नाही म्हणून फडताळात साचते. नुसतं नाव लिहिलं तरी श्रद्धा कमी होत नाही.

छपाईआधी प्रूफ मागा आणि ते घरातल्या दोघांनी वाचा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं यादीशी ताडायचं. तारीख आणि वार जुळतात का, वेळ सकाळची की सायंकाळची, गाव, तालुका, फोन नंबर, सगळं पाहा. आमच्या ओळखीच्या एका घरी वार चुकला होता. दोनशे पत्रिकांवर पेननं खाडाखोड करावी लागली. प्रूफवर सही करा, एक प्रत ठेवा आणि पक्कं बिल घ्या.

पत्रिकेचा आगाऊ पैसा देण्याआधी आणखी एक कागद हातात घ्या, तो म्हणजे दोघांचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण. एक महिना कमी असेल तरी तो बालविवाह. २००६ च्या कायद्यानं असं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठरवणारे आणि जाणूनबुजून हजर राहणारेही त्यात अडकतात. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ या नंबरवरही कळवता येतं, फोनला पैसे लागत नाहीत.

लग्नात आणखी दोन वह्या ठेवा, एक खर्चाची आणि एक आहेराची. आहेर कोणी काय दिला, हे मांडवातच कोणीतरी बसून लिहावं. पुढं त्यांच्या घरच्या कार्यात तीच वही उघडावी लागते. मुलीला आंदणात दिलेल्या वस्तूंची आणि दागिन्यांची वेगळी यादी करा, बिलं जोडा आणि एक प्रत मुलीजवळ द्या. गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला हे काम अवघड नाही.

शेवटचं काम मांडव सुटल्यावरचं. थोड्या पत्रिका जपून ठेवा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांच्या आत विवाह नोंदणी करायची असते. उशीर झाला तर दंड भरून होते. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं, मौदा शहरात नगर पंचायतीत. वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्नाची पत्रिका लागते. पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. नावाच्या चुका इथंच नडतात, म्हणून आधारप्रमाणे नाव लिहा असं आम्ही सुरुवातीला म्हटलं.

हा दाखला लागेल कधी? बँकेत किंवा रेशनकार्डावर नाव लावताना तर लागेलच. नवऱ्याचं बरंवाईट झालं, त्यानं टाकलं, विम्याचा किंवा पेन्शनचा दावा करायचा झाला, तेव्हा "मी याची बायको" हे बाईला कागदावर दाखवावं लागतं. आमच्या त्या ताईला हे चांगलं ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या लग्नाची नोंद नव्हती आणि नवरा गेल्यावर एका दाखल्यासाठी तिनं कितीतरी खेटे घातले. मुलीच्या लग्नाला महिना होण्याआधी तिनं दोघांना ग्रामपंचायतीत नेलं. सोबत पत्रिका होती, तिच्या नावाची.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत यंदा कोणाकोणाकडे लग्न आहे ते विचारा. पत्रिका छापायला देण्याआधी तिचा नमुना सगळ्या मिळून एकदा वाचून पाहा.