एका स्वराच्या यंत्रांपासून ‘व्हायोलेटर’पर्यंत

१९८० साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या बॅझिल्डन गावात डिपेश मोड हा बँड उभा राहिला, तेव्हा त्यांची वाद्यं सहज उचलून नेता येण्याजोगी होती. विन्स क्लार्ककडे कावाईचा छोटा सिंथेसायझर, मार्टिन गोरकडे यामाहा सीएस-५ आणि अँडी फ्लेचरकडे मूग प्रॉडिजी. तिन्ही यंत्रांतून एका वेळी एकच स्वर निघे. एकट्याने कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकत्र, वाजवणं शक्यच नव्हतं, म्हणून तिघांनी तीन वेगळ्या सुरावटी एकमेकींत गुंफल्या आणि डेव्ह गाहनने त्यावर गायलं. त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांचा चपळ, नेटका बांधा या मर्यादेतूनच आला.

ती गाणी ध्वनिमुद्रित करायला डॅनियल मिलर पुढे आला. १९७८ साली त्याने एका कॉर्ग सिंथेसायझरवर स्वतःची सिंगल बनवली होती आणि तिच्यासाठी ‘म्यूट’ ही कंपनी काढली होती. लंडनमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत ब्लॅकविंग स्टुडिओ होता. तिथे ‘स्पीक अँड स्पेल’ (१९८१) हा अल्बम तयार झाला. मिलरने स्वतःचा एआरपी २६०० सिंथेसायझर आणि त्याला जोडायचा, ठरवलेले स्वर क्रमाने आपोआप वाजवणारा सीक्वेन्सर तिथे आणला. सीक्वेन्सरला सोळा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीचा स्वर सरकपट्टी हलवून ठरवायचा. ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं. वर्ष सरता सरता क्लार्क बँड सोडून गेला.

गीतलेखन गोरकडे आलं आणि १९८२ साली ॲलन वाइल्डर दाखल झाला. पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेल्या वाइल्डरचा जीव मात्र स्टुडिओतल्या बारकाव्यांत रमे. पुढची तेरा वर्षं एकेक ध्वनी घडवण्याचं काम मुख्यतः त्याने केलं.

खरी उडी १९८३ची. ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’ या अल्बमसाठी मंडळी लंडनच्या शोरडिचमधल्या, संगीतकार जॉन फॉक्सच्या ‘द गार्डन’ स्टुडिओत गेली. गॅरेथ जोन्स ध्वनिमुद्रक होता आणि मिलरचा अत्यंत महागडा सिंक्लाव्हिअर हाताशी होता. बाहेरचा कोणताही आवाज टिपून तो कळफलकावर, हव्या त्या स्वरात वाजवण्याची सोय त्यात होती. टेप रेकॉर्डर घेऊन ते आसपासच्या बांधकामांवर आणि पडीक जागांत गेले, लोखंडी पत्रे आणि पाइप बडवले. ‘पाइपलाइन’ हे गाणं तर अशा गोळा केलेल्या आवाजांवरच उभं आहे. ई-म्यू कंपनीचा इम्युलेटरही याच सुमारास आला. पहिल्या इम्युलेटरमध्ये जेमतेम दोन सेकंदांचा आवाज मावे, पण पत्र्यावरच्या घणाच्या एका घावाला तेवढं पुष्कळ होतं.

मिक्सिंगसाठी त्यांनी बर्लिनच्या भिंतीजवळचा हान्सा स्टुडिओ गाठला. यंत्रातून थेट टेपवर गेलेला आवाज सपाट वाटे. जोन्सने तो मोठ्या स्पीकरांमधून हान्साच्या दालनात सोडला आणि दालनातला घुमारा मायक्रोफोनने टिपला. इलेक्ट्रॉनिक सुरांना जागेची खोली मिळाली, ती अशी. ‘ब्लॅक सेलिब्रेशन’मधल्या (१९८६) ‘स्ट्रिप्ड’चा तालही ऐकण्यासारखा आहे: चालू ठेवलेल्या मोटरसायकलची धडधड, मूळ पट्टीपेक्षा खाली उतरवलेली.

१९८८च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर त्यांना ऐकायला साठ हजारांहून अधिक श्रोते जमले. इतक्या मोठ्या मैदानात सिंथेसायझर टिकतील का, ही शंका तिथे मिटली.

‘व्हायोलेटर’च्या (१९९०) वेळी निर्माता फ्लड आला, आणि मिलान व डेन्मार्कमधल्या स्टुडिओंत काम झालं. आवाज टिपून वाजवणारे सॅम्पलर होतेच, त्यांच्या जोडीला मिनीमूग, एआरपी २६०० यांसारखे जुने अ‍ॅनालॉग सिंथेसायझर पुन्हा पुढे आले, गिटारही आली. ‘पर्सनल जीझस’मधला ठेका वाद्यांच्या पेट्यांवर पाय आपटून मिळवलेला आहे. ‘एन्जॉय द सायलेन्स’ गोरने हार्मोनियमवर संथ लयीत बांधलं होतं. वाइल्डरने ते द्रुत लयीत नेण्याचा आग्रह धरला. ते ब्रिटनमध्ये सहाव्या, अमेरिकेत आठव्या क्रमांकावर पोहोचलं.

वाइल्डर १९९५ साली बाहेर पडला. नंतरही बँडने उत्तम गाणी दिली, पण ध्वनीचा इतका ध्यास तो असतानाच्या वर्षांतच दिसतो. कारखान्याने यंत्रात भरून दिलेले तयार आवाज तेव्हा कुणालाही विकत मिळत होते. या मंडळींनी ते जसेच्या तसे वापरण्यात समाधान मानलं नाही, आणि म्हणूनच त्या रेकॉर्ड आजही शिळ्या वाटत नाहीत. चांगले हेडफोन लावून ‘पाइपलाइन’, ‘स्ट्रिप्ड’ आणि ‘एन्जॉय द सायलेन्स’ याच क्रमाने जरूर ऐका.