समुद्राची बेरीज

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरून खाली गेलं, की समोर काळ्या कातळाची सपाटी लागते. लाटांनी हजारो वर्षं घासून केलेली ही सपाटी ओहोटीला उघडी पडते आणि भरतीला पाण्याखाली जाते. कडेच्या खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं आहेत. खाऱ्या पाण्यातलं मीठ दगडाच्या फटींत सुकतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि दगड कणाकणाने पोखरला जातो. जानेवारीतल्या एका प्रतिपदेला सकाळी सातच्या सुमारास मी तिथे ट्रायपॉड लावून उभा होतो. दर नऊ-दहा सेकंदांनी लाट येत होती, कातळावर फुटत होती आणि तिचा फेस चरांमधून मागे पळत होता. कॅमेऱ्याचं शटर मी दोन मिनिटं उघडं ठेवलं. फोटो आला त्यात एकही लाट नव्हती. कातळ जसाच्या तसा, एकेक भोक रेखीव. आणि पाण्याच्या जागी जमिनीलगत उतरलेल्या धुक्यासारखं काहीतरी पांढरं पसरलेलं.

असा फोटो दाखवला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘समुद्र असा कुठे दिसतो?’ डोळ्यांना दिसत नाही हे खरं. पण म्हणून फोटो खोटा ठरतो, हे मला मान्य नाही. आपला डोळा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागापुरता प्रकाश साठवतो आणि लगेच पाटी कोरी करतो. कॅमेऱ्याचा सेन्सर पाटी पुसत नाही. त्यावरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे अंगणात ठेवलेला पर्जन्यमापक. पाऊस सकाळी पडला की रात्री, झोडपून पडला की रिमझिम, हे पर्जन्यमापक सांगत नाही. एकूण किती पडला तेवढं सांगतो. पिक्सेलही शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत आलेल्या प्रकाशाची बेरीज सांगतो. सगळ्या लाँग एक्स्पोजर फोटोग्राफीचं मूळ या एका गोष्टीत आहे.

ही बेरीज काय करते ते पहिल्यांदा दिसलं ते पॅरिसमध्ये. लुई दागेर याने १८३८ साली आपल्या खिडकीतून ‘बुलव्हार द्यू ताँप्ल’ या रस्त्याचं चित्र चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर घेतलं. भर वस्तीतला, गाड्याघोड्यांच्या वर्दळीचा रस्ता. पण चित्रात तो ओस पडलेला दिसतो. त्या काळच्या पत्र्याला उजेड पुरायला काही मिनिटं लागत, आणि तेवढ्यात गाड्या आल्या नि गेल्या. कुठल्याही एका जागी त्या इतका कमी वेळ होत्या, की बेरजेत त्यांचा हिस्सा नगण्य ठरला. फक्त डावीकडे खाली कोपऱ्यात एक माणूस एक पाय उचलून उभा आहे. तो बुटाला पॉलिश करून घेत होता, म्हणून जागचा हलला नाही, म्हणून उरला. फोटोत आलेल्या पहिल्या माणसांपैकी तो एक मानला जातो.

दागेरला वेळ लावावाच लागत होता. आजच्या सेन्सरची अडचण नेमकी उलटी आहे. तो इतका संवेदनशील आहे, की दिवसाउजेडी शटर दोन मिनिटं उघडं ठेवलं तर हाती फक्त पांढरा चौकोन येईल. पर्जन्यमापकाचं तोंड कमी करायला हवं. इथे एनडी फिल्टर, म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर लागतो. लेन्सच्या तोंडावर बसवायची ही काळी काच. गॉगलसारखीच, पण एक अट घालून बनवलेली: तिने लाल, हिरवा, निळा हे सगळे रंग सारख्याच प्रमाणात अडवायचे. नावातलं ‘न्यूट्रल’ ते हेच.

डेन्सिटी हा शब्द फोटोग्राफीत पक्का केला तो फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड या दोघांनी, १८९० साली. एक रसायनशास्त्रज्ञ, दुसरा इंजिनिअर, दोघेही इंग्लंडमधल्या रासायनिक उद्योगातले. काच जितक्या पट प्रकाश अडवते त्या आकड्याचा लॉगॅरिदम म्हणजे तिची डेन्सिटी. हजारातला एक भाग प्रकाश पार होऊ देणाऱ्या काचेची डेन्सिटी ३.०. दुकानात हीच काच कधी ‘एनडी १०००’, कधी ‘३.०’, कधी ‘टेन स्टॉप’ या नावाने मिळते आणि नवा माणूस गोंधळून जातो. वस्तू एकच आहे. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. दहा वेळा निम्मा केला की १०२४ वा भाग उरतो.

हिशेब बोटांवर होतो. त्या सकाळी फिल्टरशिवाय कॅमेरा सेकंदाचा आठवा भाग दाखवत होता. त्याची दहा वेळा दुप्पट करायची. पाव सेकंद, अर्धा, एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. दहा बोटं संपली, दोन मिनिटं आणि वर आठ सेकंद झाले. फोनवर हा हिशेब करून देणारी ॲप्स आहेत, पण सुरुवातीचे काही महिने ती वापरू नयेत असं माझं मत आहे. बोटांवर दुप्पट करत गेलं की उजेडाची जाण हळूहळू अंगात उतरते. स्वच्छ दुपारी लेन्सचं भोक एफ/११ या मापाला ठेवून कॅमेरा सेकंदाचा अडीचशेवा भाग सांगत असेल, तर हीच काच लावून जेमतेम चार सेकंद मिळतात. मग तिच्यावर सहा स्टॉपची दुसरी काच चढवावी लागते. चार गुणिले चौसष्ट, म्हणजे सव्वाचार मिनिटं. दोन काचांच्या डेन्सिटीची बेरीज होते आणि पटींचा गुणाकार.

मग लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, आणखी बारीक करून काम का भागवू नये? कारण प्रकाश ही लाट आहे. बारीक भोकातून जाताना ती पसरते आणि एका बिंदूची तबकडी होते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/२२ इतक्या बारीक भोकाला या तबकडीचा व्यास सुमारे तीस मायक्रॉन भरतो. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल असतो सहा मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे कातळावरच्या एका भोकाची कड पाच पिक्सेल रुंदीवर सारवली जाते. पाणी मऊ होतं, पण दगडही मऊ होतो, आणि सगळा फोटो दगडाच्या टणकपणावर उभा असतो. काळ्या काचेला पर्याय नाही.

शिकणाऱ्याने करण्यासारखा एक प्रयोग आहे. एकच चौकट ठेवायची, तिथून हलायचं नाही, आणि वेळ बदलत जायचं. सेकंदाच्या आठव्या भागात लाटेला अजून अंग असतं, फक्त शिंतोडे ओढल्यासारखे दिसतात. एका सेकंदात मागे जाणाऱ्या फेसाचे धागे होतात. कातळाच्या चरांमधून पाणी कसं वाट काढतं ते इतकं स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही. आठ सेकंदांत धागे एकमेकांत विरघळू लागतात. दोन मिनिटांत डझनभर लाटा एकमेकींवर पडतात आणि धुकं तयार होतं. चार मिनिटं ठेवलं तर? जवळपास तेच धुकं. सरासरी एकदा स्थिरावली की वेळ वाढवून पाण्यात फारसा फरक पडत नाही. ढगांचं मात्र तसं नाही. दोन किलोमीटर उंचीवरचा ढग सेकंदाला दहा मीटर वेगाने डोक्यावरून जात असेल, तर तो मिनिटाला सुमारे सतरा अंश सरकतो. रुंद लेन्सच्या चौकटीचा हा जवळजवळ पाव भाग. म्हणून पाणी पाहून वेळ ठरवला तर आभाळ फसतं. आधी वर बघावं.

हे धुकं पांढरं का दिसतं, या प्रश्नाने मला बरेच दिवस धरून ठेवलं होतं. समुद्राचं पाणी काही पांढरं नाही. पांढरा असतो फेस. त्यातल्या असंख्य बुडबुड्यांच्या पडद्यांवर प्रकाश उलटसुलट आदळतो आणि सगळे रंग मिसळून परत येतात. आता बेरीज आठवा. कातळाच्या ज्या जागी दोन मिनिटांतला बराच वेळ फेस होता ती जागा फोटोत दाट पांढरी येते. जिथे तो क्वचित पोचला तिथे फिकट राखाडी. जिथे पोचलाच नाही तिथे काळा कातळ. म्हणजे फोटोतला दुधाळपणा हा नकाशा आहे: फेस कुठे किती वेळ होता, याचा.

नकाशा हा शब्द मी उगाच वापरत नाही. किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी तो तसाच वाचला आहे. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यावर डक नावाचं गाव आहे. तिथे १९८० च्या दशकात टॉम लिपमन आणि रॉब होल्मन या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांनी उंचावरून समुद्राच्या दहा-दहा मिनिटांच्या प्रतिमा घेतल्या. काळी काच लावून नव्हे, व्हिडिओच्या चौकटींची सरासरी काढून. पण गणित हेच. त्यांना शोधायचे होते पाण्याखालचे वाळूचे बांध. लाट उथळ पाण्यात आली की फुटते, आणि समुद्रात बांधावर पाणी उथळ असतं. एका क्षणाच्या फोटोत इकडेतिकडे फुटलेल्या लाटा दिसतात, काही कळत नाही. दहा मिनिटांच्या बेरजेत मात्र बांधाच्या वर ठळक पांढरा पट्टा उमटतो. होडी न घालता, पाण्यात कुणी न उतरता बांध कुठे आहे आणि वादळानंतर किती सरकला ते कळू लागलं. त्यांचा शोधनिबंध १९८९ साली आला, आणि पुढे ‘आर्गस’ नावाने असे कॅमेरे जगातल्या अनेक किनाऱ्यांवर बसले. डोळ्यांना न दिसणारा समुद्रतळ त्या दुधाळ फोटोने दाखवला. याला खोटं कसं म्हणायचं?

काळ्या काचेच्या खोडीही आहेत, आणि त्यांची कारणं ठाऊक असली की त्या सोसवतात. स्वस्त काच लावून काढलेल्या फोटोत हिरवी झाडी तपकिरी दिसते. काच दिसणारा प्रकाश हजार पट अडवते, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण तिच्यातून त्या मानाने सहज निसटतात. सेन्सरपुढे ते अडवणारा पडदा असतो. तो रोजच्या फोटोला पुरतो, पण इथे दिसणारा प्रकाशच इतका घटलेला असतो, की उरलेसुरले अवरक्त किरणही वरचढ होतात. झाडाची पानं तर ते भरपूर परावर्तित करतात. काचेवर धातूचा पातळ थर दिलेले फिल्टर या बाबतीत बरेच चांगले. नव्याने घेणाऱ्याने चार काचांऐवजी अशी एकच घ्यावी, दहा स्टॉपची. फिरवून कमीजास्त करायचा व्हेरिएबल फिल्टर म्हणजे एकमेकांपुढे ठेवलेले दोन पोलरायझर. तो फार फिरवला की रुंद चौकटीत काळी फुली उमटते. निसर्गचित्रासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

दुसरी खोड उष्णतेची. प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये उष्णतेने काही इलेक्ट्रॉन सुटतात आणि तेही बेरजेत मिसळतात. तापमान सहा-आठ अंशांनी वाढलं की त्यांचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं, म्हणून कोकणातल्या मे महिन्यात लांब फोटोंवर लाल-निळे ठिपके विखुरलेले दिसतात. कॅमेऱ्यात यावर सोय असते. फोटो झाल्यावर तो शटर मिटून तेवढाच वेळ अंधाराचा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. चार मिनिटांच्या फोटोनंतर आणखी चार मिनिटं थांबायचं. कॅमेरा बिघडला असं वाटून बंद करू नये. फिल्मवाल्यांची खोड याहून अवघड होती. उजेड अगदी मंद झाला की फिल्म बेरजेत चुकते, दुप्पट वेळ देऊनही दुप्पट ठसा उमटत नाही. ही चूक व्हिएन्नाच्या वेधशाळेत ताऱ्यांचे फोटो घेताना कार्ल श्वार्त्सशिल्डने मोजली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून कृष्णविवराकडे नेणारं उत्तर १९१६ साली प्रसिद्ध करणारा तो हाच.

प्रत्यक्ष कामाचा क्रम काच चढवण्याआधीचा आहे. चौकट ठरवायची, फोकस करायचा, फोकस मॅन्युअलवर टाकायचा आणि मगच काच हलक्या हाताने बसवायची, कारण तिच्यातून कॅमेऱ्याला फोकस धड सापडत नाही. तीस सेकंदांपुढे बल्ब मोड, म्हणजे आपण मिटेपर्यंत शटर उघडं ठेवणारी सोय, आणि रिमोट. ट्रायपॉड ओल्या वाळूत नको. लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकते ती त्याच्याही पायांखालून सरकते. आणि कितीही काळी असली, तरी या काचेतून डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नका. सूर्य पाहायच्या फिल्टरची डेन्सिटी ५ असते, हिची ३. म्हणजे हिच्यातून शंभर पट जास्त प्रकाश येतो.

मी प्रतिपदा का निवडली होती ते सांगायचं राहिलं. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजोबांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, ‘उद्या तिथी कोणती? तिची पाऊणपट करा, भरती कळेल.’ प्रतिपदेची पाऊणपट म्हणजे पाऊण. पाऊण वाजता पूर्ण भरती आणि सहा-सव्वासहा तास मागे मोजले की सकाळी साडेसहा-सातला पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तिथी दिवसाला एक. तिथी आणि पन्नास मिनिटं यांचा मेळ ही पाऊणपट घालते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या लगतच्या उधाणात भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते, म्हणून कातळ सर्वांत जास्त उघडा मिळतो. पण त्याच दिवशी तो सर्वांत लवकर बुडतोही. हा आडाखा अंदाजापुरता आहे. जाण्याआधी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक पाहा.

हरिहरेश्वरच्या कातळावरून माणसं लाटेने ओढून नेली आहेत. दोन मिनिटांचा फोटो चालू असताना लक्ष घड्याळात जातं आणि पाठ समुद्राकडे होते. तिथे एकट्याने जाऊ नका. शटर उघडलं की तोंड पाण्याकडे ठेवा, आणि भरती लागली की फोटो अर्धवट सोडून वर या.