चाहूल नव्या जिवाची

चातुर्मासाचे दिवस. हिंगणघाट असो, पुलगाव असो, आर्वी असो की वर्धा शहर. उपाश्रयात सकाळच्या प्रवचनाला गर्दी होते आणि घरोघरी तपाची आखणी सुरू होते. कोणाचे एकासणे, कोणाचे आयंबिल, कोणाच्या मनात अठ्ठाई. अशाच एखाद्या सकाळी वर्षभरापूर्वी घरात आलेली सूनबाई फोडणीचा वास येताच तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरातून बाहेर पडते. दुपारी दुकानाचा हिशेब लिहायला बसली की तिचे डोळे आपोआप मिटतात. सासूबाई म्हणतात, पित्त वाढले असेल. जाऊबाई म्हणतात, उकाड्याचा शीण असेल. पाळीची तारीख उलटून आठवडा झाला, हे एकट्या सूनबाईला माहीत असते. पण ते कोणाला सांगावे, या संकोचात ती गप्प राहते. दोन दिवसांनी अठ्ठाईचे पच्चक्खाण घ्यायचे तिने ठरवलेले असते.

हा प्रसंग कोणा एका घराचा नाही. थोड्याफार फरकाने तो अनेक कुटुंबांत घडतो आणि बहुतेक वेळा त्याचा शेवट पेढ्यांनी होतो. तरीही त्या आठवड्यातील मौनाची किंमत कधी कधी मोठी असते. म्हणून पहिली चाहूल ओळखणे हा कुतूहलाचा नव्हे, काळजीचा विषय आहे.

पहिले आठवडे इतके मोलाचे का?

गर्भाच्या मेंदूचा व पाठीच्या कण्याचा पाया ज्या नलिकेतून तयार होतो, ती गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत मिटते. हिशेब मांडला तर ही वेळ पाळी चुकल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांची असते. अनेक स्त्रियांना तोवर आपण गरोदर आहोत याची खात्रीही नसते. या काळात शरीरात फोलिक अॅसिड पुरेसे असावे लागते. म्हणूनच अपत्याचा विचार सुरू होताच, गर्भ राहण्याच्या आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड घेण्याचा सल्ला दिला जातो. काही औषधे, क्ष-किरण तपासणी, तंबाखू व मद्य यांपासून दूर राहण्याची गरजही याच आठवड्यांत सर्वाधिक असते.

शरीर काय सांगते?

पाळी नियमित असलेल्या स्त्रीसाठी पाळी चुकणे ही सर्वांत विश्वसनीय खूण होय. काहींना पाळीच्या सुमारास किंचित डाग दिसतो. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजताना असा डाग पडू शकतो. त्याला पाळी समजून तारखेचा हिशेब चुकतो. स्तन जड होणे व दुखरे वाटणे, विनाकारण थकवा, दुपारची अनावर झोप, वारंवार लघवीला जावे लागणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, मन हळवे होणे ही पुढची लक्षणे. मळमळ व उमासे बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात आणि चौथ्या महिन्यात बहुतेकींचे कमी होतात. काल आवडणारा तुपाचा किंवा हिंगाचा वास आज नकोसा होतो. मात्र प्रत्येकीला सर्व लक्षणे दिसतातच असे नाही. मळमळ झाली नाही म्हणून गर्भ नाही, असे मुळीच समजू नये.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. पाळी लांबण्यामागे थायरॉइडचा दोष, अंडाशयातील गाठींचा विकार, वजनातील चढउतार, मनावरचा ताण किंवा दीर्घ उपवासही असू शकतो. थकवा रक्तक्षयाचा असू शकतो, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर कोणीही गळून जातो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातेची पाळी परत येण्यापूर्वीही पुन्हा गर्भ राहू शकतो. म्हणून लक्षणांवरून अंदाज बांधावा, निश्चिती मात्र तपासणीनेच करावी.

निश्चिती कशी करावी?

गर्भ रुजल्यावर शरीरात एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते लघवीत उतरते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमधील आशहाइम व झोन्डेक या वैद्यकांनी यावर आधारलेली पहिली भरवशाची चाचणी शोधली. त्या चाचणीसाठी स्त्रीची लघवी उंदरांच्या मादीला टोचून, काही दिवसांनी तिचा जीव घेऊन अंडाशय पाहावे लागत असे. आज तीच गोष्ट घरच्या घरी एका पट्टीवर पाच मिनिटांत समजते.

पाळीची तारीख उलटल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीने ही चाचणी करावी. पाकिटावरील मुदत पाहावी आणि सांगितलेल्या वेळेतच निकाल वाचावा. दोन रेषा म्हणजे गर्भ असल्याची खूण. दुसरी रेषा फिकट असली तरी ती खूणच. एकच रेषा आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने चाचणी पुन्हा करावी. गावातील आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचा संच विनामूल्य मिळतो. औषधांच्या दुकानात ओळखीचे लोक असतात म्हणून संकोच वाटणाऱ्या सुनेसाठी सासूबाईंनी किंवा पतीने स्वतः संच आणून द्यावा. घरातील निम्मे अवघडलेपण एवढ्यानेच दूर होते.

प्रसूतीची अंदाजे तारीख काढणे व्यापारी घराला अवघड नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळवावेत. पाळी १० जुलैला आली असेल, तर अंदाज १७ एप्रिलचा. त्यासाठी पाळीची तारीख दरमहा लिहून ठेवण्याची सवय मात्र हवी.

व्रत आणि गर्भ

गर्भाची शक्यता असताना दीर्घ निराहार तप करू नये. मळमळीने आधीच अन्न कमी जाते. त्यात उपवासाची भर पडली की शरीरातील पाणी घटते, चक्कर येते आणि उलट्या वाढतात. चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, पोटात पाणीही जात नाही. रिकाम्या पोटी मळमळ अधिक होते, हा त्यातला अडसर. पच्चक्खाणातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. आरोग्य व समाधी टिकावी हाच त्यांमागचा विचार. म्हणून तपाचा नेम घेण्यापूर्वी पाळीची तारीख आठवावी, शंका असल्यास चाचणी करावी आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊन मग महाराजसाहेबांशी बोलावे. स्वाध्याय, सामायिक, जप यांना कोणतीच आडकाठी नाही.

आहाराचाही विचार व्हावा. चातुर्मासात अनेक घरांत हिरव्या भाज्या वर्ज्य असतात आणि लोह व फोलेट यांचा एक मोठा स्रोत थांबतो. मूग, चणा, मसूर, तूर यांच्या डाळी रोज दोन वेळा असाव्यात. जोडीला तीळ, राजगिरा, नाचणी, गूळ-शेंगदाणे घ्यावेत. शुद्ध शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते आणि ते अनेकदा अपुरे पडते. त्याची रक्ततपासणी करून गोळीविषयी डॉक्टरांना विचारावे.

पहिली भेट, आणि धोक्याच्या खुणा

तीन महिने होईपर्यंत बातमी बाहेर सांगू नये, अशी जुनी रीत आहे. नातलगांपुरती ती पाळायला हरकत नाही. डॉक्टरांपुरती पाळू नये. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, रक्तदाब व लघवी तपासली जाते. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने पती-पत्नी दोघांनी ती तपासणी करून घेणे हितावह. सोनोग्राफी गर्भ योग्य जागी आहे का व त्याचे ठोके आहेत का, हे पाहण्यासाठी असते. मुलगा की मुलगी हे विचारणे व सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अहिंसा मानणाऱ्या घरात तो प्रश्न उद्भवूच नये.

या बाबतीत वर्धा जिल्हा भाग्यवान आहे. कस्तुरबांच्या नावाने सेवाग्रामात सुरू झालेले रुग्णालय आरंभी स्त्रिया व मुलांसाठीच होते. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नय्यर यांनी त्याच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. सावंगी मेघे येथील रुग्णालय व वर्ध्याचे जिल्हा रुग्णालयही जवळ आहे.

काही खुणांना मात्र सकाळची वाट पाहू नये. ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, अंगावर रक्त जाणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येऊन पडणे ही लक्षणे गर्भ बीजवाहिनीत रुजल्याची असू शकतात. ती नलिका फुटल्यास आतल्या आत रक्तस्राव होऊन प्राणावर बेतते. पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, लघवी कमी व गडद होणे, ताप येणे यांकडेही दुर्लक्ष नको. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गर्भ दुर्दैवाने टिकला नाहीच, तर सुनेला दोष देऊ नये. सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, जिना चढल्याने किंवा दुकानात बसल्याने नव्हे.

दुकानात रोजमेळ रोज लिहिला जातो, कारण एका दिवसाची चूक वर्षअखेरीस सापडत नाही. घरातील लेकी-सुनांच्या आरोग्याचा हिशेबही तितक्याच वेळेवर ठेवला जावा. त्या सकाळी सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तेव्हा पित्ताच्या चूर्णाची डबी काढण्याआधी सासूबाईंनी तिला शेजारी बसवून हळूच विचारावे, ‘बेटा, पाळी कधी आली होती?’ नव्या जिवाची खरी काळजी या एका प्रश्नापासून सुरू होते.