सोलापूरच्या उन्हातलं यीस्ट

साखर कारखान्यात पाऊल टाकलं की बहुतेकांची नजर गव्हाणीकडे जाते आणि बोलणं गाळपावर, उताऱ्यावर येतं. मी मात्र वर्षानुवर्षं मागच्या अंगाला, आसवनीकडे वळत आलो आहे. तिथे मळी आंबते. ती आंबवणारं यीस्ट हा माझ्या मते अख्ख्या कारखान्यातला सर्वांत कष्टाळू आणि सर्वांत दुर्लक्षित कामगार आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९३०च्या दशकात माळशिरस तालुक्यात माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी राहिली. श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना आला. पुढे सहकार फोफावला, खासगी कारखाने आले आणि सोलापूर जिल्हा धुराड्यांनी भरला. साखर काढून उरलेल्या मळीपासून स्पिरिट, देशी-विदेशी मद्य आणि आता इथेनॉल होतं.

आता माझा आवडता हिशेब. १०० किलो ग्लुकोजपासून कागदावर ५१ किलो, म्हणजे साधारण ६४ लिटर अल्कोहोल मिळायला हवं. बाकीचं कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. टनभर मळीत ४५० किलो आंबणारी साखर धरली, तर २९० लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात यीस्ट त्यातली काही साखर स्वतःच्या वाढीसाठी आणि ग्लिसरॉलसाठी वापरतं, काही जिवाणू खातात. आंबवण्याची कार्यक्षमता ८५ टक्क्यांवरून ९० वर नेली, तर टनामागे चौदा लिटर जास्त हाती येतात. एक कांडंही जादा न गाळता!

हे चौदा लिटर गळतात कुठे? पहिली वाट जिवाणूंची. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू साखर पळवतात आणि त्यांच्या आम्लाने यीस्ट मंदावतं. मळी उन्हात, टाकीत फार दिवस राहिली तर खराब होते, तिच्यातली उडणारी आम्लं वाढतात. म्हणून मला मोठ्या यंत्रापेक्षा प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचं अप्रूप अधिक. मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी तो रंग क्षपणाने रंगहीन करून टाकतात. निळ्या ठिपक्यांची संख्या वाढू लागली की फर्मेंटरचं, म्हणजे आंबवण्याच्या टाकीचं, दुखणं वॉशमधलं (आंबणाऱ्या मळीच्या द्रवातलं) अल्कोहोल घसरण्याआधीच कळतं. एका आसवनीत ते सूक्ष्मदर्शक धूळ खात पडलेलं पाहिलं आणि जीव हळहळला.

दुसरी वाट उष्णतेची, आणि इथे सोलापूरचं ऊन आलंच. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. वॉशमध्ये दहा टक्के साखर असेल आणि गार केलंच नाही, तर तापमान बारा-तेरा अंशांनी चढेल. यीस्टला ३० ते ३४ अंश मानवतात. त्यापुढे अल्कोहोलचा मारा त्याला अधिक जाचतो. मग मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना कसं करायचं? आपली हवा कोरडी आहे, हा आपला लाभ. कूलिंग टॉवरमध्ये पाणी बाष्पीभवनाने थंड होतं आणि कोरड्या हवेत ते चांगलं होतं. दमट पावसाळी दिवशी टॉवरची ओढ कमी पडते. अर्थात, बाष्पीभवनाला पाणी लागतं, आणि दुष्काळी वर्षी तेच नसतं. म्हणूनच उष्णता सोसणारं यीस्ट आपल्याकडे चैनीची गोष्ट नाही.

ते शोधायचं कुठे? ब्राझीलची गोष्ट मला फार भावते. तिथले कारखाने बेकरीचं यीस्ट घालत; पण हंगाम सरता सरता फर्मेंटरमध्ये दुसरंच, रानटी यीस्ट राज्य करू लागे. संशोधकांनी त्याला हाकलण्याऐवजी निवडून घेतलं. पीई-२, कॅट-१ ही वाणं अशीच हाती लागली. तिथे यीस्ट सौम्य गंधकाम्लाने धुऊन पुन्हा पुन्हा वापरतात, तेव्हा त्या छळातून टिकणारंच खरं वाण ठरतं.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. वाणांची पारख करायला जागा आहेत. प्रत्येक आसवनीने हंगामाच्या शेवटच्या फर्मेंटरमधून नमुना काढून तिथे तपासणीला द्यावा, आपल्या मळीत, आपल्या पाण्यात, आपल्या उन्हात जे यीस्ट तगलं ते जपावं. ऊसवाणाची निवड करताना आपण हेच करतो. मळी आंबवणाऱ्या यीस्टच्या बाबतीतही तेच करायला हवं.