जुन्या पीसीवर गेम लॅग होतोय? ग्राफिक कार्ड घेण्याआधी हे तपासा

"गेम लॅग होतोय" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळे प्रकार असतात. नेट हळू असतं, पीसी चित्र हळू काढत असतो किंवा मधूनच गेम अर्धा-एक सेकंद गोठतो. फोनमध्ये बदलण्यासारखं काही नसतं, त्यामुळे आपण एवढा विचार करत नाही. डेस्कटॉपचे पार्ट मात्र बदलता येतात, आणि म्हणूनच चुकीच्या पार्टवर पैसे घालवताही येतात.

औशातल्या माझ्या मावसभावाचंच बघा. त्याच्याकडे ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप आहे: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. लग्नसराईत मंडपवाल्याकडे काम करून त्याने सात हजार साठवले होते. "दादा, लातूरचा दुकानदार म्हणतो ग्राफिक कार्ड टाक, सगळं सुटेल," असा त्याचा फोन आला. त्याच पीसीवर त्याची बहीण सीईटीचे आणि महाडीबीटीचे फॉर्म भरते. म्हणजे पैसे एकदाच खर्च होणार होते, आणि मशीन बिघडलं तर दोघांचंही अडणार होतं.

आधी नेटचं बघू. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. औशाहून मुंबई साधारण 500 किमी. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन 5 मिलिसेकंद. केबल वाकडीतिकडी जाते, मध्ये राउटर असतात, हे धरूनही पिंग 150 दाखवत असेल तर दोष अंतराचा नाही. बहुतेक वेळा तो हॉटस्पॉटचा किंवा दोन भिंतींपलीकडच्या वायफायचा असतो. लॅन केबल लावा, नाहीतर फोन यूएसबीने जोडून नेट घ्या. ग्राफिक कार्डाने पिंग एक मिलिसेकंदही कमी होत नाही.

पिंग ठीक आहे, तरी गेम अडखळतो? मग अडथळा शोधायचा. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी पीसीला फक्त 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स या तिघांचं काम व्हावं लागतं. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. इथे आतल्या चिपबद्दल बोलतोय.) गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये बघा: मेमरी भरलीय का, डिस्क 100 टक्क्यांवर अडकलीय का.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते, कारण ती फुकट आहे. गेमचं रिझोल्यूशन 1920×1080 वरून 1280×720 करा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. फ्रेम एकदम वाढल्या तर ग्राफिक्स कमी पडतंय. काहीच फरक पडला नाही तर अडथळा प्रोसेसरमध्ये किंवा रॅममध्ये आहे, आणि महागडं कार्डही तिथे मान खाली घालून बसेल.

भावाकडे मेमरी आणि डिस्क, दोन्ही शंभरच्या आसपास होत्या. रॅम संपली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला 8.3 मिलिसेकंद. एक तुकडा शोधण्यातच फ्रेमचा अर्धा वेळ जातो. असे शेकडो तुकडे लागले की गेम गोठणारच.

त्यात 4 जीबीची एकच पट्टी. वेगळं कार्ड नसतं तेव्हा ग्राफिक्सही याच रॅममधून जागा आणि वेग घेतं. डीडीआर-थ्री 1600 ची एक पट्टी सेकंदाला 12.8 जीबी डेटा देऊ शकते. तशीच दुसरी जोडली की दोन्ही मिळून 25.6. म्हणून एक 8 जीबीची पट्टी घेण्यापेक्षा 4-4 च्या दोन बऱ्या. खरेदी करताना डीडीआर-थ्रीच आहे ना आणि लॅपटॉपची छोटी पट्टी नाही ना, एवढं बघा. डीडीआर-फोरची खाच वेगळ्या जागी असते, ती जोर लावूनही बसत नाही. जोर लावूही नका.

त्यानंतर एसएसडी. तिने फ्रेम वाढत नाहीत, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. पण गोठणं कमी होतं, गेम लवकर उघडतो, आणि बहिणीचा फॉर्म भरतानाही पीसी ताटकळत ठेवत नाही.

प्रोसेसरला हात लावायची गरजच नव्हती. 2015 च्या जीटीए फाइव्हसाठी कंपनीनेच तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह आणि 8 जीबी रॅम सुचवली होती. व्हॅलोरंट तर त्याहून हलका आहे.

या सगळ्याआधी मात्र डबा उघडून साफ करा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पंखा गरम हवाच आत ओढतो. चिप शंभर अंशांजवळ गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, उन्हात फोन करतो तसंच. ब्रशने धूळ काढा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. पहिली वीस मिनिटं गेम छान चालतो आणि मग बसतो, असं होत असेल तर बहुतेक हेच कारण.

विंडोजचं एक अवघड दुखणं आहे. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर चालतात. जुगाड करून ते जुन्या पीसीवर बसवता येतं, पण विंडोज 11 वर व्हॅलोरंट टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट मागतो. ते नसेल तर गेम उघडणारच नाही. नुसतं खेळायचं असेल तर 10 वर राहा, आणि बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

एवढं करूनही ग्राफिक्स कमी पडत असेल तरच कार्ड. ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये पॉवर सप्लाय साधारण 250 ते 300 वॅटचा असतो आणि कार्डाला वेगळी वायर नसते. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त 75 वॅट देतो. त्यात बसणारं जुनं कार्ड म्हणजे जीटीएक्स 750 टीआय (60 वॅट) किंवा 1050 टीआय (75 वॅट), तेही वेगळ्या वायरीशिवाय चालणारं मॉडेल. डबा बारीक असेल तर लो-प्रोफाइल कार्डच लागेल. स्वस्तातला लोकल सप्लाय टाकून मोठं कार्ड चालवू नका. तो गेला तर बोर्डही सोबत नेऊ शकतो. शिवाय एनव्हिडियाने या पिढ्यांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 पासून थांबवलेत, फक्त सुरक्षेचे अपडेट 2028 पर्यंत येतील. त्यामुळे जुन्या कार्डाला नव्याचा भाव देऊ नका.

भावाने रॅम आणि एसएसडी घेतली, उरलेले पैसे बाजूला ठेवलेत. सेकंडहँड कार्डासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत जायचा त्याचा विचार आहे. जुन्या चिपवर 1050 टीआयचं नाव चढवून विकलेली कार्डं बाजारात आहेत, म्हणून त्याला पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड टाकून दिलंय. पैसे देण्याआधी दुकानातच कार्ड लावून ते चालवायचं. नावाआधी 'फेक' असं आलं तर कार्ड काउंटरवर ठेवून पुढच्या दुकानात जायचं.